दोनच अवयव असलेला नंबर

तीर्थरूप दत्तोबादादांस कसबा पेठेतून धाकट्या अनंताचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, कारण डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे). लोणी काळभोरला आपण सुखरूप असाल, वहिनींचे गुडघे जिना चढू देत असतील, अशी आशा करतो. माझे म्हणाल तर लिंबाएवढा हर्निया आता मोसंबीएवढा झाला असून पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरले आहे. आणखी ढकललेत आणि आतडे अडकले तर जिवावर बेतेल, असे डॉक्टर म्हणाले (हसत म्हणाले, त्यामुळे जास्तच भीती वाटली).

काल शेजारची कल्याणी मला नाव नोंदवायला हॉस्पिटलात घेऊन गेली. ती मराठी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचे सगळे शब्द मला कळतात, आणि तिथेच घात झाला. खिडकीतून कार्ड मिळाले, नंबर १५४८५८६३. तिने तो मोबाईलवर तपासला आणि बाकावर बसल्या बसल्या टाळीच वाजवली. "काका, काय नंबर मिळालाय! ही मूळ संख्या आहे, आणि पहिल्यापासून मोजत आलं तर बरोबर दहा लाखावी! हिला दोनच अवयव!"

दादा, मी आधी माझे हातपाय मोजून पाहिले. कोणते दोन, म्हणून विचारले तर म्हणते, "एक म्हणजे एक, आणि दुसरा ती स्वतः." म्हणजे हात नाहीत, पाय नाहीत. मी धावत (म्हणजे पोट धरून चालत) खिडकीशी गेलो आणि नंबर बदलून मागितला. आतल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, खिडकीजवळची जागा एस.टी.त मिळते. इथे आहे तोच नंबर." तरी मी हटलो नाही. मागे रांगेत कोणी नव्हते, म्हणून लगेच पुढचाच नंबर मिळाला (कसा, ते खाली लिहितो). १५४८५८६४. तो पाहून कल्याणीचे तोंड उतरले. "छे, हा अगदीच साधा. दोनने जातो, चारने जातो, आठने जातो. याचे अवयव भराभर पडतात."

मी तिथेच बाकावर आडवा झालो.

पाणी पाजून तिने समजावले, की ज्याने भागले असता बाकी काही उरत नाही तो आकडा म्हणजे अवयव. बाराचे तीन आणि चार, तसे. (सातवीच्या पुस्तकात 'अवयव पाडा' आले त्याच आठवड्यात मी शाळा सोडली, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हाही नावालाच घाबरलो होतो.) आता समजले. पण समजल्याने भीती गेली नाही, उलट आकड्याआड दडली होती ती उघड्यावर आली. दीड कोटीच्या वरचा आकडा, त्याला कोणी भागू शकत नाही, आणि ज्याच्या कार्डावर तो आहे त्याला मात्र सोमवारी आठ वाजता कापणार. बाकी शून्य, असे ती कौतुकाने सांगत होती. मला बाकी शून्य नको आहे, दादा.

वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
अनंता

ता. क. : त्यांचा संगणक एका माणसाला दोन नंबर देत नाही. बाईंनी नाव विचारले तेव्हा घाबरून तोंडातून आपले, दत्तोबा, असे गेले. आजार विचारला, तेव्हा हर्निया सांगितला. ते खोटे नाही. दोन वर्षे आपण धोतराखाली पट्टा बांधता, हे वहिनींनी फोनवर रडत सांगितले आहे.

ता. क. २ : आपल्याला लगेच कापणार नाहीत, आधी नुसते तपासतील. शेजारची खाट मागून ठेवली आहे. सोमवारी सकाळी सहाला या, पोटात काही न घालता. मला एकट्याला आत जायचे नाही.