निजलेली कोंबडी

बाबा, भिलाईवरून तुमच्या अंकुरचं पाय पडणं.

फोनवर तुमाले आयकू येत नाही, म्हणून लिहून राहिलो. आमी सारे मजेत आहो. प्लांटमधलं ठेकेदाराचं काम सुटल्यापासून उतईच्या बाजारात जित्या कोंबड्या विकतो. खपतात चांगल्या. तुमी गुडघ्याले तेल लावता का नाही?

मांगच्या बाजारात एका सरकारी साहेबानं मले अडवलं. कोंबड्या सायकलच्या हँडलले उलट्या टांगल्या होत्या. म्हणे, "उल्टा टांगना जुर्म है." मी म्हणालो, "साहब, शाम तक तो कट ही जाएगी." तं म्हणे, "खाने के लिए काटना मना नहीं है. टांगना मना है."

मले हासूच आलं. तुमी शिकवलं तेच त्याले सांगितलं, का उलटी धरली का कोंबडी शांत निजते. तो म्हणाला, "सोती नहीं है. दम घुटता है, इसलिए चुप रहती है."

आता एकेक कोंबडी पोटाशी धरून गिऱ्हाइकाले देतो. तिच्या उराची धडधड तळहाताले समजते. गिऱ्हाईक पाय धरून तिले उलटी करते अन् चालू लागते. कोंबडी चूप होते. धंदा सोडावा तं पोरीले खाऊ काय घालावं?

मायले हे वाचून दाखवू नका.

लहानपणी तुमी कोंबडी उलटी धरली अन् मी रडलो, तवा तुमीच म्हणाले होते, "रडू नको, निजली ते." बाबा, तुमाले तवा माहीत होतं का?

तुमचाच,
अंकुर