एक देश, एक खुर्ची

१२ सप्टेंबर

झाली एकदाची बैठक! संगणकाच्या पडद्यावर सात देश. धबधब्यांतून दोरावर उतरणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना काढायची, हे सगळ्यांना मान्य. अट — एका देशाची एकच संस्था, एकच प्रतिनिधी.

आमच्याकडे संस्था दोन. एक माझी, एक धाकटीची. सख्खी बहीण, निम्मी माणसं घेऊन वेगळी झाली. कारण काय, तर शिट्टी! पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून खुणा शिट्टीच्या. माझ्याकडे एक शिट्टी म्हणजे ‘दोर मोकळा, या’. तिच्याकडे ‘थांबा’.

प्रतिनिधी मीच होणार. यात चर्चा कसली?

१३ सप्टेंबर

फोन केला. “अगबाई, ताईसाहेबांना नंबर सापडला वाटतं!” तोच तिरकस सूर. रविवारी एकत्र उतरायचं ठरलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “पाण्यातच भांडा. लोकांना ऐकू तरी येणार नाही.”

रविवार

धाकटी स्वतःचे दोर घेऊन आली. “तुझ्या दोरांवर माझा भरवसा नाही.” मी म्हटलं, “वजन बघता ठीकच आहे.”

पहिली तीच उतरली. मध्यावर तिचा दोर कपारीत अडकला, पाणी थेट डोक्यावर. एकच शिट्टी आली. माझ्या संस्थेतले एक दंतवैद्य लगेच कड्यावरून पाय सोडायला लागले — आमच्या खुणेनुसार बरोबरच! मी त्यांना पट्ट्याला धरून मागे ओढलं. नाहीतर सुटे दगड तिच्या अंगावर गेले असते. दुसरा दोर टाकून तिला सोडवली.

खाली ती कुडकुडत बसली होती. सांगून टाकलं — यापुढे एक म्हणजे ‘थांबा’. अडकलेल्या माणसाच्या छातीत दुसरी शिट्टी उरत नाही. आणि संस्थाही एकच करू.

“लेखी दे,” म्हणाली. आणि माझा डबा संपवला. सगळा!

१९ सप्टेंबर

खुर्चीचा विषय दोघींनीही काढला नाही. दोन्ही प्रमुखांनी आपापलं पत्र पाठवून एकच नाव कळवायचं, असा नव्या संघटनेच्या सचिवबाईंचा नियम. धाकटीचं नाव लिहून पाठवलं. खूण तिची, तर जगाला समजावायलाही तीच हवी. तिला सांगितलं नाही — उगाच चढून बसायची.

वाईट वाटेल असं वाटलं होतं. भूक लागली.

२० सप्टेंबर

सचिवबाईंचं उत्तर — “तुमच्या देशाकडून दोन नावं आली आहेत. बहिणींनी एकमेकींची लिहिली आहेत. कृपया भांडून एक ठरवा.”

फोन वाजतोय. तीच असणार. आज माघार नाही!