सातवी ब आणि चिलीचा कार्लोस

१६ जुलै २००७
शाळेत कॉम्प्युटरवाला म्हणून लागलो. टेम्पररी. बी.एस्सी. अर्धवट सुटली असं लोक म्हणतात. सुटली नाही, मी सोडली. प्रॅक्टिकलच्या सरांना जे बोललो ते बरोबरच होतं. तरी आजपासून राग बंद. सातवी ब ला श्रिया मॅडम शिकवतात. नोकरी त्यासाठी धरली असं काही नाही.

२३ जुलै
प्लॅन पक्का. सातवी ब चा ब्लॉग. आमची पोरं लिहितील, जगभरची पोरं उत्तरं देतील. दिवाळीपर्यंत पाच देश. श्रिया मॅडम म्हणाल्या, "मस्तच, संकेतभाऊ!" भाऊ काय, इथं सगळेच म्हणतात.

९ ऑगस्ट
सातवी ब च्या समीक्षाचा गावावरचा लेख टाकला, 'आमचं लामता', इंग्रजीत. हेडसरांनी विचारलं, "आलं का रे जग?" म्हटलं, लाइट गेली आहे, तीनला येते. भोजराज चपराशी म्हणे, "जगाले सांग ना, तीननंतर ये म्हणा." त्याच्याशी भांडलो. राग उद्यापासून बंद.

१८ सप्टेंबर
कॉमेंट शून्य. महिनाभरात कोणी आलं नाही तर ब्लॉग बंद, हेडसरांचा हुकूम. म्हणजे मॅडमच्या शेजारच्या खुर्चीवरचा रोजचा अर्धा तासही बंद.

३ ऑक्टोबर, दुपारी ३.१०
आली! थेट चिलीहून! खाली नुसतं 'के'. मी पोरांना सांगितलं, कार्लोस असणार. त्यानं लेख शेजारच्या मुलांना वाचून दाखवला. ती विचारतात, तुमच्या शाळेत वाघ येतो का? मी पास केल्याशिवाय कॉमेंट दिसत नाही. केली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. कार्लोस रिटायर्ड मास्तर असावा. सज्जन म्हातारा.

२७ नोव्हेंबर
कार्लोसची तेरावी कॉमेंट. रामपायलीच्या जत्रेत यंदा जिलेबी कशी होती म्हणे. लामता रोडचे खड्डे बुजले का? परदेशी माणसाचा अभ्यास पाहा! मॅडम उत्तर लिहितात, मी शेजारी बसतो. व्हॅलेंटाइनला बोलायचं. ठरलं.

१५ जानेवारी २००८
मॅडम आता कार्लोसला घरूनच ईमेल करतात. माझा वेळ जाऊ नये म्हणून. किती जपतात मला!

१४ फेब्रुवारी
बोलणं पाठ करून गेलो. मॅडम सुटीवर. भोजराज म्हणे, "पाहाले आले ना त्यायले. पोरगा लामत्याचाच, केदार. मलाजखंडच्या खाणीत इंजिनिअर. सहा महिने ट्रेनिंगले चिलीत गेलता. तूनंच जुळवलं म्हंते सारी शाळा, अन् तुलेच नाही मालूम?"
भोजराजवर ओरडलो नाही. पहिल्यांदाच.

१५ फेब्रुवारी
सगळ्या कॉमेंट उडवायला बसलो. मागं अख्खी सातवी ब उभी. "भैया, चिलीवाल्यांनी आणखी काय लिहिलं?" लाइट गेली. उद्या उडवतो.

२० एप्रिल
लग्न झालं. मॅडमला सख्खा भाऊ नाही. त्यांची आई गोदाबाई म्हणाल्या, "कानपिळीले तूच बस रे बापू, तूच भाऊ तिचा." ठरवलं, असा पिळतो की चिलीपर्यंत आवाज जावा. कान धरला. केदार हळूच म्हणाला, "भाऊ, माझी एकबी कॉमेंट अडवली नाही तुम्ही. थँक्यू."
हळूच पिळला. शर्टपीस मिळाला. बरा आहे.

२४ एप्रिल
समीक्षाच्या हट्टापायी कानपिळीचा फोटो ब्लॉगवर टाकला. चिलीच्या पोरांची कॉमेंट आली, केदारशिवाय पहिलीच. नवऱ्याचा कान पिळणारा हा कोण?
लिहिलं, नवरीचा भाऊ.
पास केलं.