पश्चिमेची खिडकी

अकोट, जि. अकोला
रविवार, दि. ५ एप्रिल २०२६

प्रिय अपेक्षाताई,

नमस्कार. तू, भाऊजी आणि मैथिली खुशाल असाल असे धरून लिहितो. पत्र पाहून घाबरू नकोस, कोणाला काही झालेले नाही. आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळे ठीक आहे. फोनवर मी मुद्द्याजवळ आलो की तू “कुकर लावला आहे” म्हणतेस आणि मीही सुटल्यासारखा फोन ठेवतो. कागदावर तसे करता येत नाही. हे तिसऱ्यांदा उतरवून काढतो आहे.

बातमी अशी, की मागची स्लॅबची खोली मी पाडून नव्याने बांधली. डिसेंबरात पाया, होळीआधी छत. आज दुपारी तीनला मोजले. अंगणात एक्केचाळीस, पुढच्या खोलीत एकोणचाळीस आणि मागच्या खोलीत तेहतीस. कूलर नाही, पंखाही बंद. तीनदा मोजले. मग थर्मामीटर बिघडला असेल म्हणून शेजारच्या वच्छलाकाकूंचा मागून आणला. तोही तेच सांगतो.

तुला आपली जुनी मागची खोली आठवते का? धाब्याची? दीड हात जाड मातीच्या भिंती आणि छताला तो एकच झरोका. त्यातून उन्हाचा रुपयाएवढा गोल खाली पडायचा आणि दुपारभर जमिनीवरून सरकत जायचा. तो जात्याला टेकेपर्यंत बाहेर जायचे नाही, असा आईचा नियम होता. तू एकदा जातेच सरकवून ठेवलेस आणि आपण तासभर आधी सुटलो! आईला कळले तेव्हा तू सरळ माझे नाव सांगितलेस. मार मी खाल्ला.

अक्षय्य तृतीया, आपली अखजी झाली, की बाबा गाडीभर खारी माती आणायचे. छतावर, धाब्यावर ती पसरायची आणि आपण दोघांनी धुमसाने ठोकायची. “नीट ठोका, नाई तं पाणी तुमच्याच डोक्यावर गयीन,” असे बाबा खालून ओरडायचे. त्या भिजल्या मातीचा वास मला अजून कधीकधी कामावर येतो आणि हातातली थापी थांबते.

मग ते घर पाडले, स्लॅबचे उभे राहिले. पुढचे तुला माहीत आहे.

हे काम मी कुठे शिकलो, तेही सांगायला हवे. अमरावतीला. देवश्री मॅडम म्हणून एक आर्किटेक्ट आहेत. त्यांच्या साइटवर मी गेल्या वर्षी आठ महिने होतो. उन्हाळ्यात एसी लागणार नाही असे घर त्या बांधत होत्या. मॅडमने आधी वीट नाही, नुसती एक काठी मातीत रोवायला लावली आणि दर तासाला तिची सावली चुन्याने आखायला सांगितली. घर आधी उन्हाला विचारायचे, म्हणाल्या. मी आपल्या धाब्याचे सांगितले, तर त्या वही घेऊन खाली बसल्या. मला, दहावीत राहिलेल्याला, त्या विचारत होत्या आणि लिहून घेत होत्या. एवढे सगळे आपल्या बाबांना ठाऊक होते आणि मी त्यांना अडाणी म्हणायचो.

होय ताई. आठ महिने मी तुझ्याच गावात होतो आणि तुझ्या घरी आलो नाही. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पाच वेळा आलो होतो. पाचव्या वेळी मैथिली भाऊजींच्या गाडीवर मागे बसून शाळेतून येताना दिसली. दोन वेण्या होत्या. मी पानटपरीकडे तोंड केले.

का, ते आता लिहितो.

२०१९ च्या मे महिन्यात तू बाळंतपणाला आलेली होतीस. मैथिली एकोणीस दिवसांची होती. त्या दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि तिने दूध पिणे सोडले. बाबांनी तिला ओल्या धोतरात गुंडाळून जीपने अकोल्याला नेले. चार दिवस दवाखान्यात गेले. डिस्चार्जच्या दिवशी तू बाबांना म्हणालीस, “बाबा, तुमच्या स्लॅबच्या हौसेनं माह्यं लेकरू गेलं असतं.” बाबांनी दवाखान्याचे बिल घडी करून खिशात ठेवले. मी दाराशी तुझी पिशवी घेऊन उभा होतो.

ती हौस बाबांची नव्हती, माझी होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, स्लॅबच्या सेंटरिंगच्या कामावर दोन वर्षे झालेली आणि गावात मातीचे घर उरले ते आपलेच, याची लाज वाटायची. बाबा म्हणाले होते, “समोरचं काय पाह्यजे ते कर. मागची खोली राहू दे. अपेक्षा बाळंतपणाले येईन, तिले कोठी ठेवशीन?” मी ऐकले नाही. आणि त्याच खोलीला मोठी काचेची खिडकी पश्चिमेला काढली, कारण रस्ता तिकडे आहे आणि लोकांना दिसावी. बाबांनी तेव्हाही हात धरला होता. पाळण्याची कडी मी मोजून बरोबर तिच्यासमोर बसवली. बाळाला उजेड मिळावा म्हणून.

तुम्ही अमरावतीला गेल्यावर मी बाबांना म्हटले, ताईला खरे सांगतो. ते म्हणाले, “चूप राय. आमी किती दिवसाचे? आमच्या मागं तिचं माहेर तूच. तुह्यावर रुसली तं जाईन कोठी?”

मी चूप राहिलो. सात वर्षे; तू माहेरी येईनाशी झालीस, बाबांशी बोलेनाशी झालीस, तरी. सुरुवातीला त्यांचे ऐकून, नंतर मलाच ते सोयीचे होते म्हणून.

आता खोलीचे सांगतो. पश्चिमेची भिंत दुहेरी आहे, मध्ये पोकळी. त्या भिंतीला खिडकी नाही. जुन्या धाब्याची माती परसात ढीग होऊन पडली होती, तीच भिजवून आतून गिलावा केला. छतात मडकी पालथी मांडून मध्ये काँक्रीट भरले आहे. मडक्यात हवा कोंडून राहते, ऊन खाली उतरत नाही. खालून पाहिले की त्यांची तोंडे गोल दिसतात. सहा मडकी कमी पडत होती. आई आत गेली आणि सहा लहान मडकी घेऊन आली. दर अखजीला मोठ्या घागरीबरोबर ती एक लहान घ्यायची, नात आली तर तिला पाणी प्यायला. मला हे माहीत नव्हते. ती सहा मी झरोक्याभोवती बसवली आहेत. हो, झरोका ठेवला आहे.

बाबा काम चालू असताना फिरकले नाहीत. एकदाच येऊन म्हणाले, “काडी रोवून उन्ह मोजून राहिला काय? आमी अंगानं मोजत होतो.” परवा दुपारी ते सापडेनात. मागच्या खोलीत, नुसत्या जमिनीवर, उशाला हात घेऊन गाढ झोपले होते. उन्हाचा गोल त्यांच्या पायाजवळ होता. उठल्यावर म्हणाले, “पोरीले कळव.” मी विचारले, सगळे कळवू? ते तोंड धुवायला गेले. नाही म्हणाले नाहीत, म्हणून हे लिहिले.

अखजी १९ तारखेला आहे, रविवारी. माझ्यावर राग धर, तो माझाच आहे. मी त्या दिवशी घरात नको असलो तर तसे कळव, मी वरूडला एका कामावर जाईन. पण बाबांना तू एकदा हाक मार.

एक काम राहिले आहे. छताला झोक्याच्या दोन कड्या बसवल्या आहेत, सावलीच्या बाजूला. दोर आणला आहे, पाट रंधून ठेवला आहे. पण दोर किती लांब कापू ते कळत नाही. सगळ्या खोलीची मापे माझ्या वहीत आहेत, मैथिलीची उंची नाही. गाडीवर बसलेल्या मुलीची उंची दुरून कळत नाही.

तेवढी मोजून कळव. किंवा तिलाच घेऊन ये.

पश्चिमेला खिडकी काढणारा,
तुझा भाऊ
योगेश