चिकटवलेलं पाकीट

रविवार, २ जून
आजही दशमांशावरच प्रवचन — कमाईचा दहावा वाटा देवाला. सलग तिसरा रविवार! चर्चच्या पाळकांनी पुन्हा बायबलमधल्या विधवेच्या दमडीची गोष्ट काढली. होतं नव्हतं ते तिनं दिलं — पण दुसऱ्या दिवशी काय खाल्लं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.
खांदे भरून आलेत. काल धुलाईखान्यात इस्पितळाच्या ओल्या चादरी एकटीनं यंत्रातून काढल्या.

सोमवार, ३ जून
यांची कंबर तशीच. शिडीवरून पडले त्याला दोन महिने झाले. रंगारी माणूस — शिडी सुटली की मजुरी सुटली. घर आता माझ्या पगारावर. सासूबाई म्हणाल्या, आधी देवाचा वाटा, मग आपला. मी म्हटलं, देवाला घरभाडं नसतं. यांनी अर्ध्या जेवणावरच हात धुतला.

रविवार, ९ जून
केलं. दशमांशाच्या पाकिटावर नाव घातलं, चिकटवलं, दानाच्या थैलीत टाकलं. आत काही नाही.
शेजारी सासूबाईंनी पेन्शनमधलं आपलं पाकीट टाकलं, डोळे मिटून. मी गाण्याच्या पुस्तकात भलतंच पान उघडलं.

गुरुवार, १३ जून
पाकिटात न घातलेल्या पैशांत यांच्या गोळ्या आल्या. बरं वाटायला हवं होतं. चोरी केल्यासारखं वाटतंय — स्वतःच्याच पगाराची!

रविवार, १६ जून
परत रिकामं. या वेळी गाण्याचं पान बरोबर उघडलं. हे जास्त वाईट.

रविवार, २३ जून
तिसरं. बाहेर पडताना खजिनदारकाकांनी थांबवलं. शिवणकाम सोडून बसलेले म्हातारे शिंपी. उपासनेनंतर मागच्या खोलीत तेच पाकिटं फोडतात. यांच्या कंबरेची चौकशी केली. पाकिटाबद्दल अवाक्षर नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या जाऊन सांगूनच टाकते.

सोमवार, २४ जून
कामावरून थेट काकांकडे. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले.
“चाळीस पाकिटं येतात, पोरी. त्यातली सतरा रिकामी. तुला काय वाटलं, तू एकटीच?”
कोण कोण, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पाळकांना ठाऊक आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हणाले. पाळकांना वाटतं लोकांची मनं आटली, म्हणून तेच तेच प्रवचन. खरं कळवलं तर पाळक नावं विचारणार, म्हणून काकांनी सांगितलं नव्हतं.
“मग माझं सांगा,” मी म्हटलं. “बाकीची राहू द्या.”
घरी येऊन भांडी घासली. यांना काही बोलले नाही.

रविवार, ३० जून
पाळकांनी आज प्रवचन केलं नाही. माझं नावही घेतलं नाही. ‘सतरा पाकिटं रिकामी’ एवढंच सांगितलं, ‘माझं चुकलं’ म्हणाले आणि खाली बसले.
परतताना कोपऱ्यावर सासूबाई थांबल्या. दम लागला असेल म्हणून मी हात धरला.
“त्या सतरांत एक माझं होतं गं,” त्या म्हणाल्या. “तो पडला तेव्हापासून.”