सलीमचं मनगट

रविवार, जानेफळहून परतल्यावर

आज मूकनाट्यात सलीम स्टुलावरून नेहमीसारखाच पडला, पण मनगटावर. मग जमिनीवर दुसरा हात आपटू लागला. मला वाटलं, यानं नवीन गंमत काढली. मीही समोर बसून तसाच हात आपटला. तो पुन्हा आपटायचा, मी पुन्हा. लोक हसून लोळले. त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही का मला? दिसलं. वाटलं, काय काम करून राह्यला गडी.

तोंडाला पांढरा रंग आहे तोवर बोलायचं नाही, हा आमचा नेम. घालून दिलेला मीच. पडद्यामागे त्यानं आधी रंग पुसला, मग म्हणाला, "हात गेला बे."

"मंग ओरडला काऊन नाही?"

"रंग होता ना."

दवाखान्यात प्लास्टर घालताना म्हणतो, "ते हात आपटायचं ठेवू. लोकं लय हसले."

मी त्याच्यावर चिडलो. पण का चिडलो? प्लास्टर ओलं होतं, तेव्हाच मी मनात बसवत होतो, की आता ते पडणं आणि आपटणं एका हातानं कसं करायचं.