भुजंगाला मारलेली हाक

२४ ऑक्टोबर १९९८
आलो एकदाचा समुद्राकाठी. वेळवाडीतलं हे घर लहान आहे, पण ओट्यावर बसलं की पुढं पाणीच पाणी. आमच्या घनसावंगीत विहिरीला परसभर, माणूस बुडेल एवढं पाणी लागलं तरी पेढे वाटतात. इथल्या माणसांनी एवढ्या पाण्याकडं पाठ करून घरं बांधलीत. वाशीच्या बाजारात मोसंबीसाठी गाळा घेतला, आता हंगाम संपेपर्यंत मुक्काम इथंच. जुन्या जालन्यात पाठीवर पोती वाहणारा अप्पाराव आज समुद्राची हवा खाऊन राह्यला, अजून काय पाहिजे! घरमालकीण मालनबाई मागच्या खोलीत राहते. मी रामराम घातला, तिनं किल्ली ठेवली आणि दार लावून घेतलं.

२६ ऑक्टोबर
गल्ली मोठी माणूसघाणी. घरोघरी चार-चार मोसंब्या दिल्या, तर सकाळी सगळ्या माझ्या ओट्यावर परत. माझे कान बिलकुल तिखट आहेत. लिलावात दोन व्यापारी कुजबुजले तर दहा हातांवरून मला कळतं. पण इथं दोन दिवसांत एकाही माणसाचं नाव कानी पडलं नाही. आया पोरांना टाळी वाजवून बोलावतात. मालनबाईला कारण विचारलं. म्हणाली, पाण्याच्या बाजूला तोंड करून नाव घ्यायचं नसतं, आणि भाडेकरूनं इतकं विचारायचं नसतं.

२८ ऑक्टोबर
गावाहून भुजंग आला. माझा पाठचा भाऊ. वडील गेले तेव्हा चार वर्षांचा होता, मीच वाढवला. समुद्र पहिल्यांदाच बघतोय, त्यामुळं गडी नुसता हरखलेला. दुपारी ओहोटी होती. पायजमा वर खोचून चिखलातून पार लांब गेला, ठिपक्याएवढा दिसायला लागला. पाणी भरू लागलं तसा मी किनाऱ्यावर उभा राहिलो आणि बांधावरून मारतो तशी हाक मारली, भुजंगा, माघारी फीर रे! माझ्या एका हाकेत येणारा पोरगा, आलाच. वर मलाच म्हणतो, "दादा, इथं काय मोसंब्याचे चोर शिरलेत का? कशापायी एवढं वरडून राह्यले?"
हसत वळलो, तर गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक बंद होत होत्या. मालनबाई पायरीवर उभी. चढ्या आवाजात बोलली नाही. हाक तिकडं पोचली, म्हणाली, आता ती परत येणार. आधी ज्यानं मारली त्याचा गळा जाईल, मग ज्याचं नाव घेतलं तो जाईल.

३० ऑक्टोबर
माझा घसा बसला. वाऱ्यानं असेल.
दुपारी जेवताना पाण्याकडून आवाज आला, भुजंगा, माघारी फीर रे. माझाच आवाज. भुजंग घास टाकून उठला, आलो दादा म्हणत दारापर्यंत गेला. मी त्याच्या समोर बसून जेवत होतो.

१ नोव्हेंबर
दूधवाल्यानं येणं बंद केलं. दारावर कोणीतरी मासळीची घाण फेकली. गल्लीतले चौघं आले आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगून गेले, तुमची भानगड तुमच्या गावाला न्या. माझा आवाज कुजबुजीएवढाच उरलाय.
हाक आज तीनदा आली. आत्तापर्यंत ते चारच शब्द होते. आज म्हणाली, भुजंगा, चप्पल राहू दे, तसाच ये.
हे मी कधीच म्हणालो नव्हतो.

३ नोव्हेंबर, घनसावंगी
गाळा तसाच सोडून भुजंगला घरी आणला. समुद्र चारशे किलोमीटर मागं राहिला. जालन्याच्या डॉक्टरनं घसा तपासला, दोष काहीच नाही म्हणाला. पण आवाज पूर्ण गेलाय. खोकलासुद्धा वाजत नाही. माझी बायको कौसल्या म्हणते, लग्न झाल्यापासून घर पहिल्यांदाच शांत झालं. भुजंग हसला. मीही हसलो, बिनआवाजाचा.

५ नोव्हेंबर
हाक बागेतून आली. आमच्या मोसंबीच्या बागेतून, भर उन्हात.
भुजंग अर्ध्या वाटेवर गेल्ता. ओढून आणला. रडत म्हणाला, "दादा, मला बांधून ठेवा. तुमची हाक आली की माझे पाय माझं ऐकत न्हाईत."

७ नोव्हेंबर
चतुर्थी. सगळे राजूरच्या गणपतीला गेले. घरात आम्ही दोघंच. भुजंग खाटेला बांधलेला. दाराला कडी. ऊन डोक्यावर —

आज हाक नाही. दाराला लागून बोलतंय. हळू, समजुतीनं. मी बोलायचो तसं.
म्हणतं — भुजंगा, तुला बांधलं कोणी? मी तर तिकडं समुद्रावरच राह्यलो. तुझ्यासंगं आलं ते बोलत का न्हाई, विचार की त्याला —

भुजंग माझ्याकडं बघतोय. मी मान हलवली. हात जोडले.

म्हणाला, दादा असशील तर एक हाक मार. एकच.
जन्मात कधी मला 'तू' म्हणाला नव्हता —

तोंड उघडलं. नुसतं वारं.

हाक बाहेरून आली.

गाठी ओढून राह्यला — एक हात सुटला — कोनाड्यातला विळा —

दाराकडं नाही. माझ्याकडं येतोय —

वही पुढं धरतो. भुजंगा वाच. हे अक्षर बघ, माझं आहे, तुला पाटीवर मीच शिक